समुद्रावरचीं लढाऊ विमानें व त्यांचे सुटे भाग



नांदेडपासून समुद्र फार दूर आहे. आपली गोदावरी ज्या समुद्रास जाऊन मिळते तो पूर्वेकडचा. मी आज ज्याच्याविषयीं बोलणार आहें तो पश्चिमेकडचा, गोव्याच्या किनाऱ्यास लागून असलेला. विमानवाहू जहाज तर आपल्यापैकीं बहुतेकांनीं चित्रांतच पाहिलें असेल. तरीसुद्धां आजचा विषय आपणांस अगदींच परका वाटेल असें मला वाटत नाहीं. कारण तो मुळांत यंत्र अडून बसण्याचा विषय आहे, आणि यंत्र अडून बसलें म्हणजे काय होतें हें मराठवाड्यांतील माणसास समजावून सांगावें लागत नाहीं.

कांहीं वर्षांपूर्वीं ऐन वैशाखांत अर्धापूरच्या बाजूस माझ्या मामेभावाच्या केळीच्या बागेंतील पाण्याचा पंप बंद पडला. मोटर जळाली नव्हती. पंपाच्या दांड्याभोंवतीं पाणी अडवून धरणारें एक सील फाटलें होतें; चिमटींत मावेल एवढी ती वस्तु. नांदेडच्या बाजारांत त्या मापाचें सील मिळालें नाहीं. पंप तयार करणाऱ्या कारखान्याकडे विचारणा केली, तेव्हां 'तो नमुना आम्ही आतां काढीत नाहीं, नवा पंप घ्या' असें उत्तर आलें. शेवटीं एका मिस्तऱ्यानें भंगारांत पडलेल्या दुसऱ्या पंपाचें सील काढून ह्याला बसविलें. पण तोंपर्यंत अकरा दिवस गेले होते आणि बागेचा एक कोपरा करपून गेला होता.

भाग मिळतो कोठें, तो करणारा अजून तो करतो कीं नाहीं, दुसऱ्याचा काढून लावतां येतो काय, आणि या खटपटींत दिवस किती जातात, एवढ्याच प्रश्नांवर त्या बागेचें भवितव्य लटकलें होतें. शेंकडों कोटि रुपये किंमतीच्या लढाऊ विमानाचेंहि तसेंच असतें. फरक एवढाच कीं, तेथें करपणारी वस्तु केळीची बाग नसते.

जहाजावरचें विमान जमिनीवरच्या विमानापेक्षां लवकर झिजतें, तें कां हें प्रथम पाहूं. जमिनीवर उतरणाऱ्या विमानास दोन-तीन किलोमीटर लांबीची धांवपट्टी मिळते. वैमानिक तें अलगद टेंकवितो आणि सावकाश थांबवितो. जहाजावर ही चैन नाहीं. तेथें विमानाच्या शेपटीखालीं एक मजबूत आंकडा असतो आणि जहाजाच्या डेकवर पोलादी दोर आडवे ताणलेले असतात. ताशीं सुमारें अडीचशें किलोमीटर वेगानें येणारें विमान डेकवर जवळजवळ आदळतें, आंकडा एका दोरांत अडकतो, आणि सुमारें शंभर मीटरांच्या आंत, दोन-तीन सेकंदांत, तें उभें राहतें. त्यांतहि नवल असें कीं, डेकला स्पर्श होतांच वैमानिक इंजिन मंद करीत नाहीं, उलट पूर्ण जोरानें चालवितो. कारण आंकडा दोरांत सांपडला नाहीं तर त्याला तसेंच पुढें उडून जावें लागतें. म्हणजे इंजिन पुढें ओढतें, दोर मागें खेंचतो, आणि या ओढाताणींत विमानाचा प्रत्येक सांधा, प्रत्येक खिळा, आंतील प्रत्येक विजेचें उपकरण हादरून निघतें. शिवाय खारी हवा आहेच. कोंकणांतील जुन्या घरांच्या खिडक्यांचे गज ज्यांनीं पाहिले असतील त्यांस तिचा पराक्रम ठाऊक असेल. जहाजावरचीं विमानें गोड्या पाण्यानें वारंवार धुतात, तरीहि मीठ सांध्यांत शिरतेंच.

आतां एक गोष्ट अशी आहे कीं, ती आपल्या पंपाच्या अनुभवांत बसत नाहीं. पंपाचें सील फाटलें म्हणजे आपण तें बदलतों. विमानाचा महत्त्वाचा भाग मोडेपर्यंत थांबतां येत नाहीं, कारण तो आकाशांत मोडेल. एखादी तार घ्या आणि ती एकाच जागीं मागें-पुढें वांकवीत राहा. पहिल्या कांहीं वेळां तिला कांहींच झालेलें दिसत नाहीं, आणि मग एकाएकीं ती हातांत तुटून येते. धातूस येणारा हा थकवा वरून दिसत नाहीं. म्हणून विमान तयार करणारा कारखाना प्रयोग करून प्रत्येक महत्त्वाच्या भागाचें आयुष्य आधींच ठरवून देतो. कोणाचें आयुष्य उड्डाणाच्या तासांवर मोजतात, कोणाचें उतरण्याच्या संख्येवर, आणि रबराच्या वस्तूंचें तर नुसत्या महिन्यांवर; कारण रबर कोठारांतील फळीवर पडल्या पडल्याहि म्हातारें होतें. आयुष्य भरलें कीं भाग कितीहि धडधाकट दिसो, तो काढावा लागतो. त्याच्या जागीं बसविण्यास दुसरा आला नसेल तर विमान जमिनीवर राहतें. कांहीं न मोडतांच बंद पडणारें असें हें यंत्र आहे.

याच कारणास्तव प्रत्येक भागाबरोबर त्याची कुंडली ठेवावी लागते. तो धातूच्या कोणत्या वितळणींतून निघाला, कोणत्या कारखान्यांत घडला, कोणीं तपासला, कोणत्या विमानावर किती तास उडाला, हें सारें तींत लिहिलेलें असतें. कुंडली हरवली तर भाग नवा करकरीत असला तरी तो वापरतां येत नाहीं. त्याचें वय किती हेंच कोणास सांगतां येत नाहीं. भंगारांतून सील काढणाऱ्या आमच्या मिस्तऱ्याला तेथें दाराशींसुद्धां कोणी उभें करणार नाहीं. तथापि त्याची युक्ति मात्र तेथेंहि चालते, फक्त कागदपत्रांसह. एक विमान उडावें म्हणून दुसऱ्याचा भाग काढून त्यास लावतात. हा नाइलाजाचा उपाय आहे. काम दुप्पट होतें, काढतांना चांगला भाग दुखावण्याचें भय असतें, आणि ज्याचें काढलें तें विमान कोपऱ्यांत उभें राहून हळूहळू कोठार बनतें. जगांतील सर्व हवाई दळांत अशीं विमानें असतात.

सुटे भाग दोन जातींचे असतात. कांहीं वापरून टाकून द्यावयाचे: गाळण्या, टायर, रबरी कडीं, खिळे. दुसरे दुरुस्त होऊन परत येणारे: रडारचीं उपकरणें, तेलाच्या दाबाचे पंप, चाकांचे दांडे, आणि खुद्द इंजिन. खरी गोम या दुसऱ्या जातींत आहे. समजा, एका तुकडीच्या विमानांत अमुक एका प्रकारचा पंप सरासरीनें महिन्यास एक याप्रमाणें बिघडतो. दुरुस्ती जवळच होत असेल आणि तींत एक महिना जात असेल, तर कोणत्याहि दिवशीं एकच पंप बाहेर असतो. एक-दोन जास्तीचे जवळ असले कीं काम भागतें. तोच पंप परदेशीं पाठवावा लागला, तेथें त्याची पाळी येईपर्यंत थांबावें लागलें, आणि तो परत येण्यास वर्ष लागलें, तर कोणत्याहि दिवशीं बारा पंप वाटेवर असतात. पंप तोच, बिघडण्याचें प्रमाण तेंच; पण बारा जास्तीचे विकत घेऊन ठेवावे लागतात. घेतले नसतील तर तितकीं विमानें उभीं राहतात. बिघाड हा पंचांग पाहून महिन्यास एक असा येत नाहीं, कधीं तीन एकदम येतात, हा हिशेब आणखी वेगळाच. म्हणून यंत्र किती वेळां बिघडतें याइतकाच, किंबहुना त्याहून अधिक, महत्त्वाचा प्रश्न असा कीं, तें दुरुस्त करणारा किती दूर आहे.

जहाजावर याच्या जोडीला जागेची अडचण येते. जहाज बंदर सोडून आठवडेच्या आठवडे समुद्रांत राहतें, आणि त्याच्या पोटांत विमानें, दारूगोळा, इंधन व माणसें यांतून उरेल तेवढीच जागा कोठारास मिळते. पूर्वीं लांबच्या यात्रेस निघणारा गाडीवान वंगण, दोर आणि कुऱ्हाड बरोबर घेई, पण जास्तीचें चाक बांधून घेत नसे. चाक मोडलें तर वाटेंत सुतार भेटे. समुद्रांत सुतार भेटत नाहीं. काय बरोबर घ्यावें आणि काय किनाऱ्यावर ठेवावें याचा निर्णय मागील बिघाडांच्या नोंदींवरून करावा लागतो. नव्याच जातीचें विमान असलें तर नोंदीहि नसतात, आणि कारखान्यानें दिलेल्या यादीवर विश्वास ठेवावा लागतो.

आपल्या देशांत या विद्येचें घर म्हणजे गोव्यांतील दाभोळी. नौदलाचा 'हंसा' हा विमानतळ आधीं कोइमतूरजवळ सुलूर येथें होता; गोवा मुक्त झाल्यावर १९६४ सालीं तो दाभोळीस आला. पहिलें विमानवाहू जहाज 'विक्रांत' ४ मार्च १९६१ रोजीं बेलफास्ट येथें आपल्या नौदलांत दाखल झालें आणि त्याच वर्षीं नोव्हेंबरांत मुंबईस पोंचलें. त्यावरचीं लढाऊ विमानें 'सी हॉक' जातीचीं, इंग्रजी बनावटीचीं होतीं. गंमत पहा. तीं आपल्याकडे आलीं त्याच सुमारास इंग्लंडचें नौदल तीं आघाडीवरून काढून घेत होतें. पुढें तूट भरून काढण्यासाठीं पश्चिम जर्मनीच्या नौदलानें सेवेंतून काढलेलीं सी हॉक विमानें आपण घेतलीं. ज्या विमानाचा कारखाना दुसऱ्या नमुन्याकडे वळला, त्याचे सुटे भाग मिळविण्याचा सर्वांत सोपा मार्ग पुष्कळदां दुसऱ्याचें जुनें विमान विकत घेणें हाच असतो.

विमानांचेंच नव्हे, तें वाहणाऱ्या जहाजाचेंहि तसेंच झालें. जून १९७० मध्यें मुंबईच्या नौदल गोदींत विक्रांतच्या बॉयलरांतील पाण्याच्या पिपांस चिरा पडलेल्या आढळल्या. सांधून भागण्यासारखें नव्हतें. तशीं पिंपें येथें मिळत नव्हतीं, म्हणून इंग्लंडकडे मागणी नोंदविली. तीं येऊन बसण्यापूर्वींच युद्ध आलें. मग बॉयलरांत वाफेचा दाब मर्यादित ठेवून जहाज बंगालच्या उपसागरांत गेलें, आणि ४ डिसेंबर १९७१ रोजीं त्यावरून उडालेल्या सी हॉक विमानांनीं कॉक्स बझारवर हल्ला केला. वाफ कमी म्हणजे जहाजाचा वेग कमी, आणि वेग कमी म्हणजे उडणाऱ्या विमानास समोरून मिळणारा वारा कमी. पाण्याच्या एका पिपावरून वैमानिकाच्या उड्डाणापर्यंत गोष्ट अशी जाऊन पोंचते.

१६ डिसेंबर १९८३ रोजीं 'सी हॅरिअर' जातीचीं पहिलीं तीन विमानें दाभोळीस उतरलीं. हें विमान इंजिनाचे झोत खालीं वळवून सरळ उभें उतरत असे. त्याला दोर आणि आंकडा लागत नसे. इंग्लंडच्या नौदलानें २००६ सालीं तीं निवृत्त केलीं. आपण तीं २०१६ पर्यंत उडविलीं. म्हणजे शेवटचीं दहा वर्षें, ज्या देशानें हें विमान निर्माण केलें त्याच्याच नौदलाला त्याची गरज उरली नव्हती. अशा वेळीं एखाद्या लहान भागासाठींहि कारखान्यास सांचा पुन्हां लावावा लागतो, आणि पांच नगांसाठीं सांचा लावण्याची किंमत पांचशें नगांच्या बरोबरीस जाऊं शकते. संपन्न राष्ट्रांनाहि हें चुकलेलें नाहीं. इंग्लंडनें आपलीं उरलेलीं जमिनीवरचीं हॅरिअर विमानें मोडीत काढलीं, तेव्हां २०११ सालीं अमेरिकेनें त्यांपैकीं ७२ विमानें विकत घेतलीं, तीं उडविण्यासाठीं नव्हे, तर आपल्या हॅरिअर विमानांना सुटे भाग मिळावेत म्हणून.

येथपर्यंत मी काळानें घातलेल्या अडचणी सांगितल्या. राजकारण घालतें ती अडचण निराळी. मे १९९८ मध्यें पोखरण येथें आपण अणुचांचणी केली आणि अमेरिकेनें निर्बंध घातले. आपल्या नौदलाचीं 'सी किंग' हेलिकॉप्टरें विकत घेतलेलीं होतीं इंग्लंडकडून. पण त्यांचा मूळ आराखडा अमेरिकन, म्हणून त्यांचेहि भाग अडले आणि कित्येक हेलिकॉप्टरें उभीं राहिलीं. मालकी आपली, पैसा आपला, वैमानिक आपला. कुलुपाची किल्ली तेवढी दुसऱ्याच्या कनवटीस.

याहूनहि बोलकें उदाहरण इराणचें आहे. अमेरिकेच्या विमानवाहू जहाजांसाठीं तयार झालेलीं एफ-१४ जातीचीं ७९ विमानें इराणच्या शहाच्या काळांत त्या देशास मिळालीं. १९७९ मध्यें क्रांति झाली आणि भाग येणें बंद झालें. पुढें इराकशीं आठ वर्षें युद्ध चाललें, त्यांत इराणनें एकाचें काढून दुसऱ्यास लावीत, चोरट्या बाजारांतून आणीत, आणि हळूहळू स्वतः घडवीत हीं विमानें चालू ठेविलीं. २००६ सालीं अमेरिकेच्या नौदलानें स्वतःचीं एफ-१४ निवृत्त केलीं. एरवीं अशा विमानांचे भाग लिलावांत निघतात. पण त्यांतला एखादा फिरत फिरत इराणास पोंचेल या भीतीनें २००७ मध्यें ती विक्री थांबविण्यांत आली आणि पुष्कळशीं विमानें यंत्रांत घालून त्यांचे तुकडे करण्यांत आले. जुन्या विमानाचा एक पंप शत्रूच्या हातीं पडूं नये म्हणून अख्खें विमान चिरडावयाचें! सुट्या भागाची किंमत त्याच्या मालकापेक्षां त्याच्या वैऱ्याला अधिक कळते, असें हें पाहून वाटूं लागतें.

आतां पुन्हां दाभोळीकडे येऊं. फेब्रुवारी २०१० मध्यें रशियन बनावटीचीं 'मिग-२९ के' विमानें नौदलांत आलीं. तीं मुख्यतः 'विक्रमादित्य' या जहाजासाठीं होतीं, आणि तें जहाज १६ नोव्हेंबर २०१३ रोजीं दाखल झालें. २००४ आणि २०१० अशा दोन करारांनीं एकूण ४५ विमानें घेण्यांत आलीं. २०१६ सालीं भारताच्या नियंत्रक व महालेखापरीक्षकांचा अहवाल संसदेपुढें आला, तो या विषयांत आस्था असणाऱ्यानें मुळांतून वाचण्यासारखा आहे. सरकारी कागद रुक्ष असतात असें आपण म्हणतों, पण ह्यांतील आंकडे रुक्ष नाहींत. स्वीकारलेल्या ६५ इंजिनांपैकीं ४० इंजिनें रचनेंतील दोषांमुळें सेवेंतून काढावीं लागलीं होतीं. एका इंजिनावर उतरण्याचे प्रसंग दहा वेळां आले होते. एका आसनाच्या विमानांपैकीं उड्डाणास सिद्ध असण्याचें प्रमाण त्या वर्षांत शेंकडा १६ ते ३८ यांच्या दरम्यान राहिलें. डेकवर उतरल्याच्या धक्क्यानें आंतील भागांस तडे जातात, ते मोडतात किंवा काम करीनासे होतात, हेंहि त्यांत नमूद आहे.

हे आंकडे त्या पहिल्या वर्षांचे आहेत, हें मी मुद्दाम सांगतों. तथापि त्यांचा अर्थ काय होतो तो पहा. दहा विमानें विकत घेतलीं आणि सकाळीं त्यांतलीं दोन किंवा तीनच उडण्याजोगीं आहेत. तरुण वैमानिकास डेकवर उतरण्याचा सराव हवा आहे. ही विद्या पुस्तकांतून येत नाहीं, आणि सराव तुटला कीं हात विसरतो. त्याला विमान मिळत नाहीं. ज्या सुट्या भागाची आपण वाट पाहतों त्याची झळ अशी एका माणसाच्या कौशल्यास, आणि पुढें त्याच्या जिवास, लागते.

कोणी विचारील कीं, आपल्या हवाई दळाकडे मिग-२९ आहेत, त्यांची पूर्ण दुरुस्ती नाशिकजवळ ओझर येथें हवाई दळाच्या दुरुस्तीकेंद्रांत होते, मग तेथले भाग गोव्यास कां पाठवूं नयेत? प्रश्न अगदीं योग्य आहे. ओझरचे कसबी कामगार, ज्यांत मराठी माणसांचा भरणा मोठा आहे, या विद्येंत वाकबगार आहेत. पण नौदलाचें मिग हें त्या विमानाचें सख्खें नव्हे, चुलत भावंड आहे. त्याचें इंजिन त्याच कुळांतलें असलें तरी नव्या बांधणीचें आहे, चाकांचे दांडे अधिक मजबूत आहेत, पंख मिटणारे आहेत. नांव एक असलें म्हणून माप एक असतें असें नाहीं. आमच्या पंपाच्या सीलाचाहि हाच घोळ होता.

२८ एप्रिल २०२५ रोजीं फ्रान्सशीं २६ 'राफेल-मरीन' विमानांचा करार झाला, तो या अनुभवानंतरचा आहे आणि तें त्याच्या कलमांत दिसतें. विमानांबरोबर ठराविक कामगिरीच्या हमीवर आधारलेली देखभाल, आणि इंजिनें, उपकरणें व शस्त्रें यांच्या दुरुस्तीची सोय भारतांतच उभारणें, यांचा त्यांत अंतर्भाव आहे. हवाई दळाकडे ३६ राफेल आधींपासून आहेत, आणि हीं दोन भावंडें मात्र बरींच सख्खीं आहेत. त्यांचे पुष्कळ भाग एका कोठारांतून देतां येतील. विमानें २०३० पर्यंत यावयाचीं आहेत, तेव्हां हें सारें किती साधतें हें त्यानंतर कळेल. मला स्वतःला विमानांच्या संख्येपेक्षां दुरुस्तीचें तें कलम अधिक मोलाचें वाटतें. मघांचा बारा पंपांचा हिशेब आठवा. विमान एकहि न वाढवितां तीं वाटेवरचीं अकरा यंत्रें परत मिळविण्याचा तो उपाय आहे.

स्वदेशी 'तेजस'च्या नौदल-आवृत्तीनें ११ जानेवारी २०२० रोजीं विक्रमादित्याच्या डेकवर उतरून दाखविलें, ही गोष्ट अभिमानाची होती. पण त्या विमानाचें इंजिन अमेरिकेंतून येतें, आणि तेजसच्या नव्या विमानांना त्याच जातीच्या इंजिनांची वाट पाहत कसें थांबावें लागलें हें वर्तमानपत्रांत आलेलेंच आहे.

राफेलचा सांगाडा तयार करण्याचा एक कारखाना हैदराबादेस निघावयाचा आहे. त्याचा करार जून २०२५ मध्यें झाला. नांदेडकरांना यांत थोडें हंसूं येईल. निजामाच्या राज्यांत आपल्या भागांतील गिरणीचें चाक मोडो कीं रेल्वेचें इंजिन अडो, वाट हैदराबाद-सिकंदराबादेचीच धरावी लागे. येथील अभियांत्रिकी महाविद्यालयांतून बाहेर पडणारीं मुलें आजहि तिकडे जातात. त्यांपैकीं एखाद्याची सही उद्यां दाभोळीच्या एखाद्या विमानाच्या भागाच्या कुंडलींत असेल.

अर्धापूरचा तो पंप अजून भंगारांतल्या सीलावरच चालतो आहे. गेल्या महिन्यांत मी मामेभावाला विचारलें, "अरे, एखादें जास्तीचें सील आणून ठेवलेंस कीं नाहीं?" तो हंसला आणि म्हणाला, "दादा, आधीं हें फाटूं तर द्या!"